साताऱ्याहून दापोलीला

मैत्रिणींनो, बदलीची ऑर्डर आली की आधी काय आठवतं हो? मला शाळेचा दाखला. अकरा वर्षांतली ही आमची चौथी बदली, साताऱ्याहून दापोलीला. माझी अर्धवेळ शिकवण्याची नोकरी दर वेळी मागेच राहते; ट्रकमध्ये चढतात ती भांडी. (लोणच्याची बरणी मात्र ट्रकमध्ये देऊ नका, मांडीवरच घ्या!)

पाटण, कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरू लागलो, तसा पावसाने जोर धरला. थोरली गप्पच. तिची ही तिसरी शाळा. "आता मी कुणाशी मैत्रीच करणार नाही," एवढंच म्हणाली. काय उत्तर देणार?

मग तिला दापोलीजवळच्या मुरूडच्या महर्षी कर्व्यांची गोष्ट सांगितली. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी ते भर पावसात, याच घाटाने, पायी साताऱ्याला गेले. चार दिवस चालून! आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही.

"म्हणजे फुकटच चालले?"

पुढे १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, हे मी सांगितलं. पण तिला त्या चालण्याचंच वाईट वाटत होतं.

पहिल्याच रविवारी एसटीने मुरूडला समुद्रावर गेलो. शेजारच्यांची मुलगीही बरोबर होती. तिला कुणी बोलावलं, ते मी विचारलं नाही.