अंगठ्याचा ठेका

७ जुलै २०१९, डोंबिवली

ब्राझीलचा गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो काल रिओत गेला. ८८ वर्षांचा होता. सकाळी बातमी वाचली आणि आजचा गिटारचा क्लास त्यालाच द्यायचं ठरवलं. मुलांना 'गेट्झ/जिल्बेर्तो' ही रेकॉर्ड ऐकवली. अमेरिकेचा जॅझ सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि हा जुआंव, पियानोवर टॉम जोबिम. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कात दोन दिवसांत मुद्रित झालेली आठ गाणी. १९६५ मध्ये हिला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

एका मुलीने विचारलं, "सर, दोन गिटारी आहेत का?" एकच आहे. अंगठा खर्जाच्या तारांवर संथ, न चुकता पडतो. सांबातल्या मोठ्या ढोलाचं काम तो करतो. बाकीची बोटं मात्र मात्रेच्या अलीकडे-पलीकडे पडतात. तबला ऐकलेल्या मुलांना मी सांगितलं, अंगठा डग्गा आणि बोटं चाट. मग हात जरा सैल पडले. तरी अंगठा बोटांच्या मागे धावतोच. महिनाभर अंगठाच घोटायला हवा.

९ जुलै

ठाण्याच्या गाडीत ऐकायचा प्रयत्न केला. मुंब्र्याला गाडी खडखडली की गाणं संपलंच. इतकं हळू गातो हा माणूस. उमेदीच्या काळात दियामांतिनाला बहिणीच्या घरी राहायचा तेव्हा न्हाणीघरात तासन्‌तास गिटार घेऊन बसायचा म्हणे. आवाजात कंप नाही, जोर नाही. गिटार जागच्या जागी चालते आणि गळा तिच्या पुढे-मागे रेंगाळतो. चांगला ठुमरी गायक सम दिसत असताना मुद्दाम वळसा घेतो, तसा.

गेट्झ त्याची नक्कल करत नाही, याचं मला फार मोल वाटतं. त्याचा श्वास, त्याचा भरलेला स्वर जॅझचाच राहतो. तो फक्त जागा ओळखून येतो.

पण आस्त्रुदचं राहून राहून मनात येतं. जुआंवची तेव्हाची बायको, व्यवसायाने गायिका नव्हे. याच रेकॉर्डवरच्या इपानेमाच्या गाण्यातलं इंग्रजी कडवं ती गायली. बाजारासाठी त्या गाण्याची छोटी तबकडी काढताना जुआंवचं पोर्तुगीज कडवंच कापलं आणि तिचा आवाज जगभर पोचला. अल्बमच्या दर्शनी बाजूवर मात्र तिचं नाव नाही. हे मला अन्यायाचंच वाटतं.

१२ जुलै, आषाढी एकादशी

सुट्टी. जॅझचा आपल्याकडचा मेळ ऐकायला 'रागा जॅझ स्टाइल' ही रेकॉर्ड काढली. संगीतकार शंकर-जयकिशन, १९६८, एचएमव्ही. सतारीवर उस्ताद रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाचेको, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, गिटारवर अनिबल कास्ट्रो आणि दिलीप नाईक, तबल्यावर रमाकांत. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वर्षानुवर्षं पडद्यामागे वाजवणारी ही माणसं. इथे गाणं नाही, नायिका नाही. तेच समोर आहेत. मला ही रेकॉर्ड जवळची वाटते ती आधी यासाठी.

अकरा राग, तोडीपासून भैरवीपर्यंत. शेवट मैफिलीसारखाच. बाहेर पाऊस, म्हणून मियाँमल्हार दोनदा ऐकला. पियानोच्या पट्टीवर मल्हाराचा गंधार आंदोलित होऊच शकत नाही. पट्टी दाबली की स्वर ठरला. ती मींड सतारीचीच. अशा रचनेत पियानोने मागे राहायचं असतं, यातच शहाणपण आहे.

१६ जुलै, गुरुपौर्णिमा

मुलांनी फुलं आणली. त्यांना गोव्यातल्या चर्चच्या शाळांविषयी सांगितलं. पोर्तुगीज अमलात तिथे पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हाती देत. तिथूनच मुंबईच्या हॉटेलांना आणि स्टुडिओंना कितीतरी वादक मिळाले. शंकर-जयकिशनचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. जिल्बेर्तो ज्या भाषेत गायचा, तीच बोलणारे राज्यकर्ते गोव्यात १९६१ पर्यंत होते. रिओ आणि मडगाव यांच्यात एवढा समुद्र, पण सूर लिहायची वही एकच.

२० जुलै, कल्याण

तबला वाजवणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे दोन्ही रेकॉर्डी नेल्या. जिल्बेर्तो त्यांना लगेच पटला. "याला लय कळते," म्हणाले आणि मांडीवर त्याच्या अंगठ्याचा ठेका धरून बसले. तोडीवर मात्र वाद झाला. त्यांचं म्हणणं, कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम यांना शांतता लागते, ड्रम्स नकोत; तीन-चार मिनिटांत तोडी होत नाही. मी म्हटलं, तोडीची बढत कुणी मांडतच नाहीये, तिचा चेहरा दाखवतायत. "मग चेहराच बघायचा," ते म्हणाले, "माणूस नाही?" तिथे माझं उत्तर तोकडं पडलं. शिवरंजनी लावली, तेव्हा ड्रम्स आणि तबला एकत्र ऐकून ते सरसावून बसले. पुढच्या शनिवारी ते तबला घेऊन क्लासला येणार आहेत. मुलं अंगठ्याने ठेका धरतील, काका त्यावर केरवा लावून बघतील. रात्री मुलांच्या नावांची यादी केली. कार्यक्रम झालाच तर पत्रिकेवर सगळ्यांची नावं हवीत, तंबोऱ्यावर बसणाऱ्या मुलीचंही.