जुळवून घ्यावे

आमच्या दिवाणखान्यात मासे आले ते शांततेचे दूत म्हणून. आमचा रक्तदाब किंचित वर चढला होता, आणि संध्याकाळी घटकाभर मासे पाहत स्वस्थ बसावे असा सल्ला एका डॉक्टर मित्राने दिला होता. गोळ्यांपेक्षा हा उपचार गोड वाटल्यामुळे आम्ही तो तत्काळ अमलात आणला. दोन फूट लांबीची काचेची टाकी, तळाशी वाळू, दोन दगड, एक हिरवे रोप, बुडबुडे सोडणारा पंप, आणि दुकानदाराने 'एकत्र छान दिसतील' म्हणून निवडून दिलेले मासे, एवढा संसार एका रविवारी थाटला गेला.

त्यांत दोन टायगर बार्ब होते. मूळचे सुमात्रा-बोर्निओकडचे, बोटाच्या दोन पेरांएवढे, पिवळसर अंगावर चार काळे पट्टे ओढलेले आणि क्षणभर स्वस्थ न बसणारे. तिसरा मासा एंजल फिश. त्याचे कुळ ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. रुपेरी अंग, शिडासारखे उभारलेले पर, पोटाखाली लोंबणारे दोन लांब तंतू आणि चालण्यात राजघराण्याचा संथपणा. आमच्या धाकट्या कन्येने त्याचे नाव चांदणी ठेवले, आणि तेव्हापासून घरात त्याचा उल्लेख स्त्रीलिंगी होऊ लागला.

तिसऱ्या दिवशी कन्या म्हणाली, "बाबा, ते दोघे चांदणीला चावतात. तिला वेगळी ठेवा ना."

आम्ही पाहिले. एक बार्ब मागून येई, लोंबत्या तंतूला चटकन तोंड लावी आणि पळून जाई. लगेच दुसरा येई. पण आम्ही पडलो राज्यशास्त्राचे प्राध्यापक! १९५४ सालच्या पंचशील करारातील पाचवे तत्त्व, म्हणजे शांततामय सहजीवन, आम्ही इतकी वर्षे वर्गात समजावून देत आलो आहो. त्या कराराचे १९६२ साली काय झाले, तेही आम्हीच शिकवितो. परंतु शिकविलेले सर्वच ज्ञान घरी बरोबर आणण्याची प्राध्यापकांची रीत नाही. आम्ही कन्येस म्हणालो, "नवीन शेजार आहे. चार दिवस जाऊ देत, जुळवून घेतील."

चार दिवस गेले, आठ गेले. चांदणी पंपाच्या मागल्या कोपऱ्यात डोके खाली घालून उभी राहू लागली. खाणे टाकले की ती बाहेर यायची नाही. परांच्या कडा झिरमिळ्या झाल्या आणि फाटलेल्या जागी कापसासारखा पांढरा बुरा धरला. कन्येने पुन्हा दोनदा सांगितले. आम्ही दोन्ही वेळा तेच उत्तर दिले. बाराव्या दिवशी सकाळी चांदणी पाण्यावर आडवी तरंगत होती.

कन्येने तिला जास्वंदीच्या कुंडीत पुरले. ती रडली नाही, आम्हांस काही बोललीही नाही. मात्र त्या दिवसापासून माशांना खाणे घालण्याचे काम तिने सोडून दिले. आमच्या सौभाग्यवतींनी ते मुकाट्याने आपल्याकडे घेतले, आणि त्या मुकाटपणाचा अर्थही आम्हांस कळला.

मग आम्ही न्यायदानास बसलो. दोघांतला मोठा बार्ब हा गुन्हेगार ठरवून त्यास एका बरणीत एकांतवासाची शिक्षा दिली. दोन दिवसांत त्या खलनायकाचे पट्टे फिके पडले. तो तळाशी निपचित बसून राही. टाकीत उरलेल्या निर्दोष सोबत्याची अवस्था त्याहून फारशी निराळी नव्हती. शिक्षेने गुन्हेगार सुधारण्याऐवजी खंगत चाललेला पाहून आम्ही अखेर, जे टाकी आणण्यापूर्वी करावयास हवे होते ते केले. म्हणजे पुस्तके उघडली.

पहिली गोष्ट कळली ती ही, की टायगर बार्ब हा थव्याने राहणारा मासा आहे. सहा-आठ एकत्र असले म्हणजे ते एकमेकांचा पाठलाग करतात, आपसांत मानाची उतरंड लावून घेतात, आणि त्यांची खोडी बरीचशी त्यांच्यातच जिरते. दोनच ठेवले, की तीच खोडी शेजाऱ्याच्या अंगावर जाते. त्यातही शेजारी संथ आणि लांब परांचा असला, तर मोठ्या थव्याचाही भरवसा धरता येत नाही. अशांची टाकी वेगळीच हवी. दुसरी गोष्ट अशी, की नदीत हरलेला मासा निघून जाऊ शकतो. कोन्राड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाचे प्राण्यांच्या आक्रमकतेवरील पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. त्याचाही आरंभ माशांपासूनच आहे. ते वाचताना ध्यानात आले, की पळून जाणे हाच भांडणाचा स्वाभाविक शेवट आहे. टाकीला चार भिंती असतात. हरलेला जाणार कोठे? भांडण माशांचे खरे, पण त्याचा शेवट आम्ही काच लावून बंद केला होता.

तिसरी गोष्ट सर्वांत बोचली. निको टिनबर्गेन यांनी स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशांपुढे ओबडधोबड आकृत्या धरल्या. माशाचा आकारही नसलेल्या, पण खालून तांबड्या रंगविलेल्या आकृतीवर नर तुटून पडले; हुबेहूब माशासारखी, पण तांबडा रंग नसलेली आकृती त्यांनी फारशी मनावर घेतली नाही. चढाई व्हावयास शत्रू लागत नाही, खूण पुरते. आमच्या बार्बांचेही चांदणीशी वैर नव्हते. त्यांच्यापुढे एक दोरा लोंबत होता, इतकेच.

आम्ही आणखी सहा बार्ब आणले. जुन्यांची मालकी मोडावी म्हणून आधी दगडांच्या जागा बदलल्या, दिवा मालवला आणि मग सर्वांना एकदम आत सोडले. आता आठही जण दिवसभर पळापळ करतात. पट्टे काळेभोर आहेत आणि पर कोणाचेही फाटलेले नाहीत. ज्यास आम्ही दुष्ट म्हटले तो केवळ एकाकी होता. चांदणी दुबळी नव्हती, ती भलत्या ठिकाणी होती.

येथे थांबलो असतो तर हा मत्स्यपालनाचा धडा झाला असता. परंतु आम्ही महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टरही आहो. खोली बदलून मागणारे अर्ज दरवर्षी येतात आणि त्यांवर तांबड्या शाईने 'जुळवून घ्यावे' असा शेरा मारण्याची आमची जुनी पद्धत. काही वर्षांपूर्वी एका अबोल मुलाने एका सत्रात असे तीन अर्ज केले होते. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला तो परतलाच नाही. त्याची खोली कोणत्या कोपऱ्यात होती, हे आम्हांस आता आठवते. तेव्हा आम्ही पाहावयास गेलो नव्हतो.

गेल्या आठवड्यात असाच एक अर्ज आला. आम्ही शेरा न मारता मुलास बोलावून समोर बसविले आणि विचारले, "काय होते आहे?" तो पुष्कळ वेळ बोलत होता. आम्ही त्याची खोली बदलून दिली.

घरी आल्यावर हे कन्येस सांगितले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठली आणि माशांच्या खाण्याचा डबा कोठे ठेवला आहे, असे तिने आईस विचारले.