राजसर्पाचे रंग

अमेरिकेंतील राजसर्पास विष नाहीं. तरी विषारी खुळखुळ्या सापांसही तो गिळतो, म्हणून हें नांव. पूर्वेकडे त्याच्या काळ्या अंगावर पांढरी सांखळी दिसते, अ‍ॅपलाचियन डोंगरांपलीकडे तो बहुतेक निव्वळ काळा, तर मिसिसिपीच्या खोऱ्यांत पिवळी मोहरी शिंपडल्यासारखा. कॅलिफोर्नियांतील प्रकार आम्हांस अधिक नवलाचा वाटतो. तेथें कांहींच्या अंगावर आडवीं कडीं, तर कांहींच्या पाठीवर एकच उभी रेघ! पंडितांनीं ह्या निरनिराळ्या जाती मानिल्या होत्या. क्लॉबर ह्यांनीं १९३६ सालीं दाखविलें कीं, एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही प्रकारचीं पिलें निघतात.

वर्गांत हें सांगतांच एका मुलानें विचारिलें, “मग सर, त्यांची जात कोणती लिहावयाची?” आम्ही फळ्यावरील दोन्ही चित्रांखालीं एकच नांव लिहिलें.