मिठाची वाटी

दुपारची जेवणे उरकली, भांडी पालथी पडली की आमच्या ओसरीवर टीव्ही लागतो तो स्वयंपाकाच्या कार्यक्रमासाठी. घरची पुरुषमंडळी हसतात. "जन्मभर चुलीपुढं बसलात, आता त्या डब्यात बघून काय शिकायचं राहिलंय?" असे विचारतात. एका परीने त्यांचे खरे आहे. 1993 साली झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' सुरू झाला. पुढे मराठी वाहिन्यांवरही असे कार्यक्रम येऊ लागले. बघायला छान वाटतात. पण काजूच्या वाटणातले पनीर आमच्या निफाडकडच्या शेतकरी घरात कितीदा होणार? तेव्हा पाहायचे, "काय बाई रंग आलाय" म्हणायचे आणि संध्याकाळी पिठले टाकायचे.

पण कधीकधी एखादी बाई अशी येते की ती पदार्थ कमी करते आणि कारण जास्त सांगते. असा कार्यक्रम असला की मी हातातले निवडणे बाजूला ठेवते.

आमच्या वस्तीवर विहिरीचे पाणी आटून बोअरचे पाणी आले, तेव्हापासून तुरीची डाळ काही केल्या मऊ होईना. आम्ही दुकानदाराला बोल लावला, दुकान बदलले, घरची तूर भरडून पाहिली. डाळ तशीच टचटचीत. मग एका कार्यक्रमात ऐकले, की जड पाण्यात कॅल्शियम असते आणि ते डाळीचे कण धरून ठेवणारे द्रव्य आणखी घट्ट करते. डाळ आधी भिजवावी, शिजताना अगदी चिमूटभर सोडा टाकावा, आणि टोमॅटो किंवा चिंच डाळ शिजल्यावरच घालावी. कारण आंबटानेही ती मऊ व्हायला अडते. आता टोमॅटोच्या मुलखातल्या आम्ही, टोमॅटो पहिल्यापासूनच डाळीत लोटत होतो! बाजरीच्या पिठाला कढत पाणी का लागते, तेही असेच कळले. बाजरीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो म्हणून भाकरी थापता येते. भाकरी तर मी आठव्या वर्षापासून थापते आहे.

अमेरिकेत 1999 पासून 'गुड ईट्स' नावाचा असाच एक कार्यक्रम लागत असे. तो करणारे ॲल्टन ब्राऊन हे आधी कॅमेऱ्याचे काम करीत, मग स्वयंपाक शिकले. पाव कसा फुगतो हे दाखवायला त्यांनी मोज्यांच्या बाहुल्या केल्या. त्या बाहुल्या म्हणजे यीस्टचे जीव. ते साखर खातात आणि ढेकर देतात, त्या ढेकरांनी कणीक फुगते. माझ्या भाच्याने मला हे मोबाईलवर दाखवले तेव्हा हसून पुरेवाट झाली. भाषा कळली नाही, पण ढेकर कळली.

मला मात्र सांगायचे आहे ते लोणच्याचे.

माझे लग्न 1981 साली झाले. पुढच्या वर्षी घरात वीस किलो कैरीचे लोणचे घातले. चौदा माणसांचे घर, त्यात सालभर रोजाने बाया येणार; लोणचे म्हणजे अर्धी भाजीच. आषाढात बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी, फोडी गिळगिळीत, वास आंबूस. सगळे उकिरड्यावर गेले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारले, "बरणीला कोण शिवलं?" शेजारचे पोर लोणचे मागायला आले होते आणि मी बाजूला बसलेली असताना त्याला दोन फोडी काढून दिल्या होत्या. मी कबूल केले. वय एकोणीस, खोटे बोलायचे सुचले नाही.

त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षे मी त्या घरात लोणच्याच्या बरणीला हात लावला नाही. महिन्याचे ते चार दिवस सोडाच, एरवीही नाही. जाऊबाई काढून वाढीत. हळदीकुंकवाला बाया म्हणत, "हिच्या हाताला लोणचं टिकत नाही." पुढे माझी धाकटी मुलगी मोठी झाली, तेव्हा तिलाही आपोआप तीच ताकीद मिळाली. ते मला जास्त लागले.

2008 सालचा मे महिना असेल. आत्याबाई ओसरीवर शेंगा फोडीत बसल्या होत्या, मी लसूण सोलीत होते. टीव्हीवर गृहविज्ञान शिकवणाऱ्या एक बाई लोणच्याविषयी सांगत होत्या. मीठ फोडीतले पाणी बाहेर ओढते, त्या खारट आंबट पाण्यात नासवणारे जंतू वाढत नाहीत. बुरशीला हवा लागते, म्हणून वर तेलाचा थर हवा. बरणी ओली नको, चमचा ओला नको. मीठ शेकडा 15 ते 20 पाहिजेच, त्याहून कमी पडले तर लोणचे नासते. मग त्यांनी सरळ सांगितले, की बाईच्या अडचणीचा लोणच्याशी काही संबंध नाही.

मी मान वर केली नाही.

त्यांनी एकच वाटी दोनदा भरली, एकदा बारीक मिठाने आणि एकदा खड्यांनी. दोन्ही काट्यावर ठेवले. खड्यांचे वजन कमी भरले, कारण खड्याखड्यांत फट राहते. म्हणून मीठ वाटीने मोजू नये, तोलावे, असे त्या म्हणाल्या.

आत्याबाईंचा शेंग फोडणारा हात थांबला होता. बराच वेळ झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्या साली मीठ कुटलं नव्हतं. आभाळ भरून आलं होतं, कांदा चाळीत टाकायची घाई. खडेच घातले. वाटीनं." मग थोड्या वेळाने, "मीच घातले होते."

एवढेच बोलल्या. माफीबिफी आमच्या घरात कोणी कोणाची मागत नाही, सासूने सुनेची तर नाहीच. मीही लसूण सोलीत राहिले. पण रात्री मला झोप आली नाही, हे खरे.

आठ-दहा दिवसांनी कैऱ्या आल्या. आत्याबाईंनी नातवाला गोठ्याकडच्या खोलीत पाठवून तागडी आणवली. आमच्याकडे कांद्याचे बी तोलायला असते ती. ती धुऊन, पुसून, उन्हात वाळवली. मला म्हणाल्या, "तू तोल." माझ्या धाकटीला हाक मारली, "ए, बरणी धर इकडं." पोरगी दाराशीच घुटमळली. "आजी, मी नाही धरत. मी बाजूला आहे."

"धर गं," आत्याबाई म्हणाल्या. "मिठाला काय कळतंय त्यातलं?"

त्या साली दहा किलो फोडींना दोन किलो मीठ पडले. बरणी पुढच्या मृगापर्यंत पुरली, आणि तळाशी उरलेला खार पोरांनी भाकरीशी पुसून खाल्ला.