दिवा लागला म्हणजे जोड झाला?

गाडीतला विजेचा वाईट जोड ज्या दिवशी केला त्या दिवशी ठणठणीत असतो, आणि फसवणूक होते ती इथेच. दोन तारा सोलल्या, एकमेकींवर पीळ दिला, वर काळी टेप गुंडाळली, स्विच दाबला, दिवा लागला. गिऱ्हाईक खूश, कारागीर खूश. तुकोगंजात जोडलेली ती तार मग इंदूरचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढते. बॉनेटखालच्या उष्णतेने टेपचा डिंक पाघळतो, कडा सुटते, ओल आत शिरते आणि तांब्यावर काळपट-हिरवा थर चढतो. दिवाळीच्या सुमारास तक्रार येते, "हेडलाइट मंद झालाय, बल्ब बदलूनही फरक नाही."

हिशेब साधा आहे. हॅलोजन हेडलाइटचा 60 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो, दोन बल्ब मिळून 10. दोघांना वीज पुरवणाऱ्या तारेतल्या जोडाचा रोध केवळ दशांश ओहम झाला, तरी तिथे 1 व्होल्ट पडतो आणि 10 वॅट उष्णता तयार होते. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. बाराचे अकरा व्होल्ट झाले की सुमारे पाव प्रकाश गेला. उरलेले 10 वॅट त्या टेपखाली भाजत राहतात. जोड तापला की गंज वाढतो, गंज वाढला की रोध वाढतो, आणि रोध वाढला की जोड आणखी तापतो. फ्यूज यात मदतीला येत नाही. फ्यूज उडतो तो जादा करंटने. इथे करंट वाढत नाही, उलट थोडा घटतोच.

वाईट जोड काय करू शकतो, याचा एक फार महागडा धडा जिनिव्हाजवळ मिळाला. तिथल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये 10 सप्टेंबर 2008 रोजी पहिला कणझोत फिरला. त्यानंतर नऊच दिवसांनी, 19 सप्टेंबरला, दोन चुंबकांना जोडणारा अतिवाहक तारेचा एक सांधा जळाला. त्याचा रोध ओहमच्या अब्जांश भागांत मोजावा इतका, साधारण दोनशे नॅनो-ओहम होता. पण त्यातून हजारो अँपिअर वाहत होते, त्यामुळे तिथे दहा-पंधरा वॅट उष्णता निर्माण झाली. म्हणजे आपल्या हेडलाइटच्या जोडाएवढीच. उणे 271 अंशांवरच्या तारेला तेवढी पुरली. ठिणगीने तार थंड ठेवणाऱ्या हेलियमचं आवरण फोडलं, कित्येक टन हेलियम बाहेर पडला, पन्नासहून अधिक चुंबक काढावे लागले आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर 2009 उजाडला. या कोलायडरच्या उभारणीत इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचाही हातभार होता. जोडाचं महत्त्व समजावून घ्यायला इंदूरकराला फार लांब जावं लागू नये.

तार जोडण्याची विद्या मोटारीहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आग्रा-मुंबई तारमार्ग इंदूरवरून गेला, आणि जगभर तारखात्याच्या लाइनमन लोकांपुढे एकच प्रश्न होता : वाऱ्यात ताणली जाणारी तार जोडायची कशी? अमेरिकेतल्या तार कंपनीच्या नावाने 'वेस्टर्न युनियन' म्हणून ओळखला जाणारा पीळ हे त्याचं उत्तर. दोन्ही टोकं एकमेकांवर आडवी घ्यायची आणि प्रत्येक टोक दुसऱ्या तारेभोवती घट्ट वळवायचं. ओढलं की हा पीळ आणखी आवळतो. त्यावर सोल्डर चढवला की जोड पक्का होतो.

मग गाडीतही तेच का करू नये? कारण तारखात्याची तार एकसंध आणि जाड असे, गाडीतली अनेक बारीक सुतांची असते. आणि ती ताणली जाण्यापेक्षा हादरते जास्त. वितळलेला सोल्डर सुतांमधून वर चढतो, थेट वेष्टनाच्या आत. तेवढा तुकडा सळईसारखा ताठ होतो. जिथे ताठ भाग संपून लवचीक तार सुरू होते, त्या रेषेवर प्रत्येक खड्ड्याचा हादरा येऊन थांबतो आणि एकेक सूत तुटत जातं. सोल्डर वाईट असतो असं नव्हे. तारेला मागून पुढून आधार दिला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. पण अमेरिकेतल्या बोटींच्या वायरिंगचे नियमसुद्धा सांगतात की जोडाची सगळी पकड एकट्या सोल्डरवर सोपवू नये.

म्हणून कारखान्यात तारा धातूच्या नळीत दाबून जोडतात, म्हणजे क्रिम्प करतात, किंवा अल्ट्रासोनिक पद्धतीने वेल्ड करतात. चांगल्या क्रिम्पमध्ये सुतं आणि धातूची नळी इतकी घट्ट दाबली जातात की मधे हवेलाही जागा उरत नाही. हवा नाही, तर गंज नाही. हे काम साध्या पकडीने होत नाही. पकडीने नळी चपटी होते, पण सुतं आत सैलच राहतात. रॅचेटची क्रिम्पिंग पक्कड पुरता दाब बसल्याशिवाय सुटतच नाही, आणि तिचे पैसे तिथेच वसूल होतात.

काम करताना क्रम महत्त्वाचा. आधी गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह तारेवर सरकवून ठेवायची; जोड झाल्यावर ती घालता येत नाही आणि मग हात आपोआप टेपकडे जातो. तार नळीच्या मापाइतकीच सोलायची, एकही सूत न तोडता. थिंबल असो वा नळी, तारेच्या जाडीला जुळणारीच घ्यायची. दाबल्यावर हाताने सणसणीत ओढून पाहायचं. सुटला तर आत्ता सुटलेला बरा. मग आतून डिंक असलेल्या स्लीव्हला गरम हवा द्यायची, दोन्ही टोकांतून डिंकाची बारीक कड बाहेर येईपर्यंत. ती कड दिसली म्हणजे पाणी अडलं. एकाच जुडग्यात चार तारा जोडायच्या असतील तर चारही जोड एका जागी घेऊ नयेत, दोन-दोन बोटं पुढेमागे घ्यावेत. दाराच्या बिजागरीजवळ, जिथे तार रोज वाकते, तिथे जोड घेऊच नये.

पूर्वी चूक खपून जायची. किकच्या कित्येक स्कूटरी बॅटरीशिवायही पळत. पिथमपुरात बनलेल्या कायनेटिक होंडाने 1980 च्या दशकात बटण-स्टार्ट घरोघरी नेला आणि दुचाकीवरचा विजेचा भार वाढला. एप्रिल 2020 पासून धुराचे भारत स्टेज-6 नियम आल्यावर सेन्सर वाढले. 5 व्होल्टच्या सेन्सरच्या तारेत दशांश-दोन दशांश व्होल्ट जोडाने खाल्ला, तर इंजिनाचा संगणक चुकीचा आकडा खरा मानतो. संगणकांमधले संदेश वाहणारी पिळाची जोडी दुरुस्त करताना तिचा पीळ मोडू नये. एअरबॅगच्या पिवळ्या आणि इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी तारांना रस्त्यावरच्या दुकानात हात लावू नये. ते अधिकृत वर्कशॉपचं काम.

राहिली तपासणी. मल्टिमीटरची शिट्टी वाजली म्हणून जोड चांगला ठरत नाही. शिट्टीसाठी मीटर अगदी नगण्य करंट पाठवतो, आणि वीस सुतांपैकी एक शाबूत असलं तरी ती वाजते. खरी परीक्षा भाराखाली होते : दिवे पूर्ण लावायचे, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक जोडाच्या अलीकडे आणि दुसरं पलीकडे लावायचं. वेष्टनाला टाचणीने भोक पाडायचं नाही, जवळच्या कपलरवर मोजायचं. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट दिसतात. दशांश व्होल्ट दिसला की जोड कापून नव्याने करावा. पुढच्या वेळी गाडीला जादा दिवा किंवा हॉर्न बसवून घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी कारागिराला एवढं मोजून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि चांगला कारागीर त्याला नाही म्हणत नाही.