तासाभराच्या अंतरावरचं फळ

दिवे घाट चढून वर आलं की पुण्याचा धूर मागे पडतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्याच्या कडेला अंजिराच्या पाट्या दिसू लागतात. खाली अंजिराचीच खरबरीत पानं, त्यांवर जांभळट-तपकिरी फळं. घाटावरच्या या पुरंदर तालुक्यात पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, निचऱ्याची. मुळाशी पाणी साचलं की रुसणाऱ्या या झाडाला ती मानवते. पावसाचं पाणी प्यालेला खट्टा बहार नावाला जागतो. उन्हात पिकलेल्या मिठ्या बहाराची ओळख जिभेलाच पटते.

या फळाला एक खोड आहे, आणि मला तीच फार आवडते. आंबा कच्चा उतरवून अढीत घालता येतो, केळीचा हिरवा घड ट्रकमध्ये भरून दिल्लीला धाडता येतो. अंजीर असलं काही चालवून घेत नाही. त्याची गोडी झाडावरच भरते. तोडलं की वाढायची थांबते. म्हणून पिकेपर्यंत धीर धरायचा आणि पिकलं की घाई करायची. साल एवढी पातळ की नख लागलं तरी डाग. तोडणी सकाळच्या गारव्यात. देठातून पांढरा चीक ओघळतो, बोटं खाजून लाल होतात. त्यातून पानांवर तांबेरा आला तर पानगळ होते, आणि पानंच नसतील तर फळात गोडी भरणार कोण?

“ताई, आजच खा बरं. उद्याचं मी सांगत नाही,” पाटीमागच्या मावशी म्हणतात. माल विकताना इतकं सरळ बोलणारं माणूस मला शहरात क्वचितच भेटलं.

2016 साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं, 2024 साली त्याचा रस पोलंडला गेला. जावा की, पिकवणाऱ्याच्या हाती चार पैसे जास्त पडतील. पण ताटात ठेवताच तळाशी उकलणारं, आतला लालसर गर दाखवणारं फळ बाटलीत कसं भरणार? दूर टिकतं तेच उत्तम, असं व्यापारानं ठरवून टाकलंय. टोमॅटोची साल जाड झाली ती त्याच हिशेबानं. ताज्या अंजिराचा हिशेब अजून बहुतेक सासवड ते पुण्याचा गुलटेकडी बाजार एवढाच आहे.

आम्ही तर गुलटेकडीचीही वाट पाहत नाही. परतताना हडपसर येईपर्यंत पाटी अर्धी होते आणि उरलेल्यांवरून गाडीत वाद सुरू होतात.