हुकूमनामा आणि धरणे

आमच्याजवळ एक हुकूमनामा आहे. दिवाणी न्यायालयाचा शिक्का असलेला. मुद्दल, व्याज व खर्च यांची बेरीज स्वच्छ मांडलेला. रक्कम वडिलांच्या निवृत्तीच्या पुंजीतली. ज्यांच्याकडे ती अडकली, ते गृहस्थ कंपूतच, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर राहतात. लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसतात; पैसे मात्र देत नाहीत. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच म्हटले होते. २०२५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या आकडेवारीनुसार देशभर ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित होत्या. आमची त्यांतलीच एक.

आमच्या पूर्वजांची वसुलीची रीत निराळी होती. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे आणि तो उठेपर्यंत ऋणकोलाही अन्न गोड लागू नये, असा संकेत असे. हेच धरणे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मधील पत्रांत एक प्रसंग नोंदवला आहे. पाटणकरांनी खासगीतून ५०,००० रुपये उसने घेतले. मुदत टळली, तेव्हा महाराजांनी आपल्या खजिनदारालाच त्यांच्या तंबूपुढे धरणे धरण्यास पाठवले. सत्ताधीशालाही दुसरा सोपा उपाय सुचला नाही! हीच छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि लष्कर वसले. कवायती पलटणींना मराठीत 'कंपू' म्हणत. तेच नाव आमच्या वस्तीला आहे.

पुढे १८६० च्या दंडविधानाने दैवी कोपाचे भय घालून धरणे धरणे हा गुन्हा ठरवला. आता दारात बसते ती जप्ती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे जप्त घराची किल्ली मालकाकडेच राहते; पण त्याला ते विकता, बक्षीस देता वा गहाण टाकता येत नाही. आदेशाची प्रत घरावर डकवतात आणि ढोल वाजवून तो जाहीर करतात. कोर्टात 'कुर्की' आणि 'मुनादी'. आमच्या घरात जप्ती आणि दवंडी. कायद्याने दारातला उपाशी माणूस उठवला, लोकलाज मात्र राहू दिली.

तो ढोल आमच्या गल्लीत वाजला, त्या दिवसापासून त्या गृहस्थांच्या वृद्ध आई आमच्या आईच्या भजनी मंडळात येईनाशा झाल्या. कर्ज त्यांनी घेतले नव्हते. आईने लिलावाचा विषय काढू दिला नाही आणि वडिलांनी सोडू दिला नाही.

कायदा आम्हांस वाटला होता तितका कोरडा नाही. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि जे दागिने धर्माचाराने स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत ते, यांना जप्ती शिवत नाही. लिलावानंतरही ६० दिवसांच्या आत जाहीरनाम्यातील येणे, शिवाय खरेदीदारासाठी किमतीच्या ५ टक्के रक्कम भरली, तर घर वाचते.

हुकूमनाम्याचे आयुष्य १२ वर्षांचे. वडिलांचे वय ८१. येत्या तारखेस आम्ही लिलावाचा अर्ज देणार आहोत. त्या ६० दिवसांची माहिती मात्र आई स्वतः त्यांच्या घरी जाऊन, त्या माउलींजवळ बसून सांगणार आहे.